विश्लेषण : मूत्रपिंड बदलले, पण धोका टळला का? प्रत्यारोपणानंतरचा संसर्ग आणि परिचारिकेचे काम

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया काही तासांत पार पडते. नवे मूत्रपिंड टिकणार की नाही, हे मात्र पुढचे काही महिने ठरवतात. या काळात रुग्णाला सर्वांत मोठा धोका असतो तो संसर्गाचा आणि त्याला रोखणारी पहिली व्यक्ती असते परिचारिका. रुग्ण घरी आला की हेच काम आई, पत्नी किंवा बहिणीकडे येते. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयातून भाईंदर पूर्वेच्या नवघरमध्ये परतणाऱ्या रुग्णाच्या वाटेवर नेमके कोणते धोके असतात, ते कसे टाळता येतात आणि शहराच्या आरोग्य यंत्रणेने त्यात काय करायला हवे, याचा हा आढावा.

प्रत्यारोपणाची व्याप्ती किती?

राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे 'नोटो'च्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली. त्यांपैकी १३,४२६ मूत्रपिंडाची होती. म्हणजे दर चार प्रत्यारोपणांमागे जवळपास तीन मूत्रपिंडाची.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा पूर्वी अडीच लाख रुपये होती. जून २०२३ मध्ये ती साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. शस्त्रक्रियेचा खर्च पेलण्याच्या दृष्टीने हा निर्णय मोलाचा आहे. पण शस्त्रक्रियेनंतर घरी होणाऱ्या देखभालीचा हिशेब कोणत्याच योजनेत नीट मांडलेला दिसत नाही. बरेच काही बिघडते ते याच टप्प्यावर.

प्रत्यारोपणानंतर संसर्गाचा धोका का वाढतो?

शरीराची प्रतिकारशक्ती परक्या गोष्टीला ओळखते आणि तिच्यावर तुटून पडते. जंतूंच्या बाबतीत हे आपल्या भल्याचे असते. पण दुसऱ्या व्यक्तीचे मूत्रपिंडही शरीराला परकेच वाटते. त्यामुळे प्रतिकारशक्तीला औषधांनी दाबून ठेवावे लागते. ते केले नाही, तर शरीर नवा अवयव नाकारते.

जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये झाले. डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक यांचे मूत्रपिंड त्यांचे जुळे भाऊ रिचर्ड यांना बसवले. दोघे एकसारखे जुळे असल्याने रिचर्ड यांच्या शरीराने तो अवयव आपलाच मानला. बाकी सगळ्यांसाठी मात्र औषधांचा मार्ग शोधावा लागला. साठच्या दशकात अझाथायोप्रिन, ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि नव्वदच्या दशकात टॅक्रोलिमस आले. आज बहुतेक रुग्णांना टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अशी तीन औषधे दिली जातात.

ही औषधे नवे मूत्रपिंड वाचवतात, पण त्याच वेळी जंतूंना दार थोडे उघडे ठेवतात. मात्रा कमी पडली तर शरीर अवयव नाकारते, जास्त झाली तर संसर्ग होतो. प्रत्यारोपणानंतरचे आयुष्य या दोन्हींचा तोल सांभाळण्यात जाते. देशाने हा धडा २०२१ मध्ये वेगळ्या संदर्भात पाहिला आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड आणि वाढलेली साखर एकत्र आल्यावर काळ्या बुरशीने किती घरे हादरवली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. प्रत्यारोपणाच्या रुग्णातही स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे रक्तातील साखर वाढू शकते. म्हणून आधी मधुमेह नसलेल्यांचीही साखर नियमित तपासली जाते.

कोणत्या काळात कोणता धोका?

डॉक्टर या धोक्याचे साधारण तीन टप्पे मानतात.

पहिला महिना : या काळातले बहुतेक संसर्ग शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातील वास्तव्याशी जोडलेले असतात. जखम चिघळणे, लघवीच्या नळीतून होणारा संसर्ग, मानेतील मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून रक्तात जाणारे जंतू, न्यूमोनिया हे त्यातले मुख्य. परिचारिकेच्या कामावर सर्वाधिक अवलंबून असणारा टप्पा हाच.

दुसरा ते सहावा महिना : औषधांचा दाब या काळात सर्वाधिक जाणवतो. एरवी शरीरात निपचित पडून असलेले जंतू डोके वर काढतात. सायटोमेगॅलो विषाणू, बीके विषाणू, न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया, बुरशी आणि क्षयरोग यांची भीती या काळात असते. यातल्या काहींसाठी आधीपासून प्रतिबंधक गोळ्या दिल्या जातात. 'काही त्रास नाही, मग ही गोळी कशाला?' असे म्हणून त्या परस्पर बंद करणे महागात पडते.

सहा महिन्यांनंतर : मूत्रपिंड नीट चालत असेल आणि औषधांची मात्रा कमी झाली असेल, तर धोका उतरतो, पण संपत नाही. फ्लू, न्यूमोनिया, जुलाब, लघवीचा संसर्ग हे आजार इतरांसारखेच होतात. फक्त ते अधिक वेगाने बळावतात. शरीराने अवयव नाकारण्याची लक्षणे दिसल्यास औषधांची मात्रा पुन्हा वाढवावी लागते. मग धोक्याचे घड्याळही पुन्हा सुरुवातीपासून फिरू लागते.

वॉर्डात परिचारिका नेमके काय करते?

बाहेरून पाहणाऱ्याला परिचारिका सलाइन लावताना, गोळ्या देताना, ताप मोजताना दिसते. प्रत्यारोपणाच्या कक्षात यातल्या प्रत्येक कृतीमागे संसर्ग रोखण्याचा हिशेब असतो.

सुरुवात हातांपासून. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त-लघवीसारख्या द्रवाशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेला वा आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचे, साबण-पाण्याने हात धुण्याच्या पूर्ण क्रियेला ४० ते ६० सेकंद द्यायचे. हातमोजे घातले म्हणजे हात धुण्याची गरज संपत नाही.

त्यानंतर नळ्या. लघवीच्या नळीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, पण जमिनीला टेकता कामा नये. नळीचा जोड विनाकारण उघडायचा नाही. नळी जितके दिवस आत, तितका संसर्गाचा धोका जास्त. त्यामुळे 'आज ही नळी खरेच लागते का?' हा प्रश्न रोज सकाळी विचारणारी परिचारिका रुग्णाचे मोठे भले करते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सर्वाधिक आढळणारा संसर्ग लघवीच्या मार्गाचाच असतो, हे लक्षात घेतले की या साध्या प्रश्नाचे मोल कळते.

पहिल्या दिवशी तासागणिक लघवी मोजणे, जखमेचा रंग आणि पाझर पाहणे, तोंडात पांढरे चट्टे आलेत का ते तपासणे, खोल श्वासाचे व्यायाम करून घेणे, लवकरात लवकर उठवून चालवणे, ही कामे दिसायला किरकोळ वाटतात. पण फुप्फुसात कफ साचू न देणे हाच न्यूमोनियावरचा पहिला उपाय असतो.

आणि शेवटी नजर. स्टेरॉइडमुळे ताप दबलेला राहू शकतो. जखम चिघळली तरी लाली, सूज फारशी दिसत नाही. अशा वेळी 'आज पेशंट जरा गप्प आहे, जेवण टाकले, नाडी जलद आहे' हे टिपणारी परिचारिका तपासणीचा अहवाल येण्याआधी डॉक्टरांना सावध करते.

पूर्वीसारखे काचेच्या खोलीत ठेवतात का?

प्रत्यारोपणाच्या सुरुवातीच्या दशकांत रुग्णाला कडक विलगीकरणात ठेवले जाई. आज भर बदलला आहे. शक्य तिथे स्वतंत्र खोली, मोजके भेटायला येणारे, सर्दी-खोकला असणाऱ्यांना मज्जाव आणि हातांची काटेकोर स्वच्छता यांवर जोर असतो. गाऊन, टोपी, बुटांवरची आवरणे असा सगळा थाट करून हात न धुता आत जाण्यापेक्षा साध्या कपड्यांत हात धुऊन जाणे अधिक सुरक्षित.

परिचारिका पुरेशा आहेत का?

प्रश्न कौशल्याचा जितका आहे, तितकाच संख्येचाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी. शिकवणाऱ्या रुग्णालयांच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक असे प्रमाण सांगितले आहे. सार्वजनिक रुग्णालयात रात्रपाळीला गेलेल्या कोणालाही विचारा, हे प्रमाण कागदावर किती आणि कक्षात किती असते ते कळेल.

'लॅन्सेट'मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातील नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली गेली. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला, की रुग्ण ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. हा अभ्यास प्रत्यारोपणापुरता नव्हता. पण ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवली आहे, त्या रुग्णाला परिचारिकांची टंचाई अधिकच महागात पडणार हे सांगायला वेगळा अभ्यास लागत नाही. ज्या परिचारिकेवर एकाच वेळी १५ रुग्ण आहेत, तिने प्रत्येक वेळी पूर्ण मिनिटभर हात धुवावेत ही अपेक्षा चुकीची नाही. तिला तेवढा वेळच न देणारी व्यवस्था चुकीची आहे.

घरी आल्यावर परिचारिका कोण?

रुग्णाला घरी सोडल्यावर ताप, रक्तदाब, वजन, लघवीचे प्रमाण यांची रोजची नोंद, १२ तासांच्या अंतराने औषधे, पाणी उकळणे, फरशी पुसणे, तपासणीला नेणे ही सगळी जबाबदारी घरावर येते. बहुतेक वेळा घरातल्या बाईवर.

इथे एक गोष्ट अवघडलेपणाने का होईना, पण बोलायला हवी. 'नोटो'च्या २०२३ च्या आकडेवारीनुसार देशातील जिवंत अवयवदात्यांपैकी सुमारे ६३ टक्के महिला होत्या. म्हणजे अनेक घरांत मूत्रपिंड देणारी आणि नंतर शुश्रूषा करणारी व्यक्ती एकच असते. तिच्याही पोटावर ताजी जखम असते. तिलाही काही आठवडे जड उचलायचे नसते. तिच्या जखमेकडे कोण पाहते? दात्याची तपासणीही रुग्णाच्या तपासणीइतकीच नियमित व्हायला हवी आणि घरातल्या पुरुषांनी बादल्या उचलण्यापासून औषधांची वही लिहिण्यापर्यंतची कामे वाटून घ्यायला हवीत. ही मदत नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

नवघर-भाईंदरमध्ये कोणते धोके अधिक?

संसर्ग टाळण्याच्या सूचना सगळीकडे सारख्याच असतात, पण धोके प्रत्येक गावाचे वेगळे असतात.

पाणी : मीरा-भाईंदरला स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून पाणी मिळते. पुरवठा ठरावीक वेळेचा असल्याने इमारतीच्या टाक्या, घरातले पिंप, कधी टँकर असा पाण्याचा प्रवास होतो. साठवणीच्या प्रत्येक टप्प्यावर पाणी दूषित होण्याची शक्यता असते. जुलाब घडवणारा क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरिनला सहज दाद देत नाही. पाणी खळखळून उकळले की मात्र तो मरतो. म्हणून फिल्टर असला तरी पहिल्या काही महिन्यांत उकळून गार केलेले पाणी प्यावे, झाकण असलेल्या भांड्यात ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे. सोसायटीने टाकी वेळेवर धुऊन घ्यावी.

पावसाळा : सखल भागांत पाणी तुंबले, की उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात मिसळतात. हा आजार थेट मूत्रपिंडावर घाव घालतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णाने साचलेल्या पाण्यातून चालणे पूर्णपणे टाळावे. नाइलाजाने जावे लागले, तर पाय साबणाने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. डेंग्यू आणि मलेरियासाठी मच्छरदाणी हाच सर्वांत स्वस्त उपाय.

धूळ : जुन्या इमारतींचा पुनर्विकास आणि रस्त्या-मेट्रोची कामे यांमुळे शहरात धूळ कायमची आहे. तोडकाम आणि खोदकामाच्या धुळीतून अॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू हवेत येतात. निरोगी माणसाला ते सहसा काही करत नाहीत, पण प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या फुप्फुसात ते जीवघेणे ठरू शकतात. शेजारी तोडकाम चालू असेल तर खिडक्या बंद ठेवाव्यात, बाहेर जाताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा. घरातच रंगकाम किंवा लादी बदलण्याचे काम असेल तर ते रुग्ण घरी येण्याआधी उरकावे.

कबुतरे : २०२५ च्या पावसाळ्यात दादरच्या कबुतरखान्यावरून मोठा वाद झाला. वादाच्या बाजू काहीही असोत, कबुतरांच्या विष्ठेतून क्रिप्टोकोकससारखी बुरशी पसरते आणि ती दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकते, हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. रुग्णाच्या खिडकीत, वातानुकूलन यंत्राच्या मागे कबुतरांनी घर केले असेल तर जाळी लावावी. विष्ठा कोरडी झाडू नये. पाणी शिंपडून, मास्क लावून दुसऱ्या कोणी साफ करावी.

खाण्यापिण्यात काय बदलावे?

तत्त्व साधे आहे : ताजे, पूर्ण शिजलेले, गरम. पाणीपुरी, बर्फाचा गोळा, गाडीवरचा रस, कापून ठेवलेली फळे, कच्ची मोड आलेली कडधान्ये पहिल्या काही महिन्यांत नकोत. फळे घरी धुऊन, साल काढून खावीत.

या किनाऱ्यावरच्या घरांत मासळी हा रोजच्या जेवणाचा भाग आहे. मासळी बंद करण्याची गरज नसते, पण ती पूर्ण शिजलेली हवी. कालवे, तिसऱ्या, शिंपल्या अर्धवट शिजवलेल्या चालणार नाहीत. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ भरपूर असते, ते रक्तदाबाला आणि नव्या मूत्रपिंडाला मानवणारे नाही.

सणावाराला पंचामृतातले कच्चे दूध आणि अनेकांचे हात लागलेला प्रसाद रुग्णाला देऊ नये. श्रद्धा दुखावण्याचा प्रश्न नाही. नमस्कार लांबूनही पोहोचतो.

पपनस आणि ग्रेपफ्रूट टाळावे. त्यांच्यामुळे टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. आणि सर्वांत महत्त्वाचे, 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे, गुळवेल, चूर्णे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जी प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबली आहे, तिलाच चेतवण्याचा हा प्रकार अवयव नाकारला जाण्यास हातभार लावू शकतो. शेजाऱ्यांचा सल्ला कितीही प्रेमाचा असला, तरी इथे तो बाजूला ठेवावा.

क्षयरोगाचा वेगळा विचार का?

पाश्चात्त्य देशांतील सूचनापुस्तिकांत क्षयरोगाला थोडी जागा असते. आपल्याकडे तो पहिल्या रांगेतला शत्रू आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या १,२५१ रुग्णांपैकी १६६ जणांना, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक रुग्णांना क्षयरोग झाल्याचे आढळले.

अडचण उपचारातही आहे. क्षयरोगावरचे मुख्य औषध रिफाम्पिसिन रक्तातील टॅक्रोलिमस झपाट्याने कमी करते. क्षय बरा होत असताना मूत्रपिंड नाकारले जाण्याची भीती निर्माण होते. त्यामुळे सरकारी केंद्रात मोफत औषधे मिळत असली, तरी प्रत्यारोपण केंद्राशी बोलल्याशिवाय ती सुरू करू नयेत. घरात कोणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, तर त्याची थुंकी तपासून घेणे हे रुग्णाच्याच सुरक्षेचे काम आहे.

लशींचे काय?

जिवंत जंतूंपासून बनवलेल्या लशी प्रत्यारोपणानंतर दिल्या जात नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडावाटे दिली जाणारी पोलिओची लस या त्यात मोडतात. म्हणून शक्य त्या लशी शस्त्रक्रियेआधीच पूर्ण करतात. हिपॅटायटिस बीची लस त्यात महत्त्वाची. डायलिसिसवरच्या रुग्णांना ती वाढीव मात्रेत द्यावी लागते. प्रत्यारोपणानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा दरवर्षी फ्लूचे इंजेक्शन आणि न्यूमोकॉकसची लस घ्यावी.

घरातल्या इतरांचे लसीकरणही रुग्णाभोवतीचे कुंपण असते. घरात तान्हे बाळ असेल तर त्याची पोलिओची मात्रा चुकवू नये. पण बाळाचे लंगोट रुग्णाने बदलू नयेत आणि बदलणाऱ्याने हात नीट धुवावेत.

कोणत्या लक्षणांना थांबू नये?

पुढीलपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा :

- १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप. किंवा त्याहून कमी, पण उतरत नसलेली कणकण
- लघवी कमी होणे, जळजळ, गढूळ किंवा लालसर लघवी
- ओटीपोटात नव्या मूत्रपिंडाच्या जागी दुखणे, सूज, जखमेतून पाझर
- खोकला, धाप, छातीत दुखणे
- जुलाब किंवा उलट्या; गोळ्या पोटात टिकत नसल्यास तर ताबडतोब
- तोंडात पांढरे चट्टे, अंगावर पाण्याने भरलेले फोड
- दोन-तीन दिवसांत वजन अचानक वाढणे, पायांना सूज

जुलाबाकडे विशेष लक्ष हवे. शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडाला फटका बसतो आणि त्याच वेळी टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण वाढू शकते.

कोपऱ्यावरच्या औषधविक्रेत्याकडून परस्पर अँटिबायोटिक घेणे टाळावे. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल यांसारखी औषधे टॅक्रोलिमसचे प्रमाण वाढवतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. नवीन कोणत्याही डॉक्टरकडे जाताना पहिले वाक्य 'माझे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले आहे' हेच असावे.

शहराने काय करायला हवे?

सुरुवातीच्या महिन्यांत रुग्णाला रक्ततपासणीसाठी वारंवार, अनेकदा आठवड्यातून दोन वेळा, रुग्णालयात जावे लागते. टॅक्रोलिमसचे प्रमाण मोजण्यासाठी रक्त सकाळची गोळी घेण्यापूर्वी द्यावे लागते. मुंबईच्या सार्वजनिक रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेल्या नवघरच्या रुग्णासाठी याचा अर्थ सकाळच्या गर्दीत भाईंदरहून लोकल पकडणे. ज्याला गर्दी टाळायला सांगितले, त्यालाच आपण सर्वाधिक गर्दीच्या डब्यात ढकलतो. रिक्षा-टॅक्सीचा खर्च प्रत्येकाला रोज झेपत नाही. मग एखादी तपासणी चुकते, आणि चुकलेल्या तपासणीत लपलेला संसर्ग पुढच्या वेळी अतिदक्षता विभागात सापडतो.

यावर उपाय फार मोठ्या खर्चाचे नाहीत. मीरा-भाईंदर महापालिकेकडे नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत; राज्याची 'आपला दवाखाना' योजना आहे. या यंत्रणेतल्या किमान एका केंद्रात प्रत्यारोपणानंतरच्या देखभालीचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका नेमता येईल. तिच्याकडे शहरातील अशा रुग्णांची यादी असावी. डिस्चार्जनंतरच्या पहिल्या आठवड्यात तिने घरी जाऊन पाणी, स्वच्छतागृह, औषधांचे डबे आणि दात्याची जखम पाहावी. रक्ताचा नमुना केंद्रातच घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवण्याची सोय करावी. ताप आला तर रुग्णाला तापाच्या रांगेत तासभर न बसवता थेट आत घ्यावे आणि मुंबईतील प्रत्यारोपण समन्वयकाला फोन जोडून द्यावा.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयांत समन्वयक असणे बंधनकारक केले. म्हणजे दुसऱ्या टोकाला फोन उचलणारी व्यक्ती कायद्याने आधीच आहे. उणीव आहे ती या टोकाला, रुग्णाच्या गल्लीत. डिस्चार्जचे कागदही सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरांत मिळायला हवेत. औषधाची वेळ इंग्रजी संक्षेपांत लिहून दिली की ती वाचणाऱ्या आजींकडून चूक होणारच, आणि इथे चुकीची किंमत एका मूत्रपिंडाएवढी असते.

एका घराने आपल्या माणसाच्या शरीरातून काढून दिलेला, किंवा एका शोकाकुल कुटुंबाने दु:खाच्या क्षणी दान केलेला अवयव दूषित पाण्यामुळे, चुकलेल्या गोळीमुळे किंवा न धुतलेल्या हातामुळे वाया जाणे परवडणारे नाही. शस्त्रक्रियेसाठी साडेचार लाखांची तरतूद करणाऱ्या राज्याला आणि तिच्यानंतर रुग्णाला आपल्या वस्तीत सामावून घेणाऱ्या महापालिकेला एका प्रशिक्षित परिचारिकेचा पगार जड जाऊ नये.